सेहेचाळिसाव्या वर्षी व्हाइट बेल्ट बांधू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी ४६ वर्षांचा आहे, नागपुरात नंदनवनला राहतो, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. चार महिन्यांपूर्वी गल्लीत गाडी लावण्यावरून समोरच्या घरातल्या भाडेकरूशी बोलाचाली झाली. पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल. त्यानं माझी कॉलर धरली आणि कानाखाली वाजवली. माझा १४ वर्षांचा मुलगा गेटजवळ उभा होता. मी काहीच केलं नाही, हात उचललाच गेला नाही. लोकांनी मधे पडून सोडवलं. तेव्हापासून झोप उडाली आहे. मुलगा त्या विषयावर बोलत नाही, मीही काढत नाही. रोज रात्री मोबाइलवर कराटे, ज्युडो, बॉक्सिंग, क्राव मागाचे व्हिडिओ बघत बसतो. क्लास लावावा असं फार मनात आहे. बायको म्हणते, या वयात हातपाय मोडून घ्याल. वजन ८४ किलो आहे, बीपीची गोळी चालू आहे, डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. आणि खरं सांगू का, पोट्ट्यांच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते. शिकावं की नाही? शिकावं तर काय? सरळ सांगा.

उत्तर : नमस्कार भाऊ.

सरळ विचारलंत, सरळ सांगते. शिका. वय आड येत नाही, वजनही येत नाही. गुडघ्याचं आधी डॉक्टरांना दाखवावं लागेल, पण त्यातूनही वाट निघते. मी अडते ती वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती तुमच्या पत्रात गुडघ्याच्या कितीतरी आधी आली आहे.

समजा, तो भाडेकरू उद्या खोली सोडून गेला. पुन्हा या गल्लीत दिसणार नाही. तरीही तुम्ही ऑफिसहून थकून आल्यावर संध्याकाळी सात वाजता बॅग उचलून क्लासला निघाल का? हा प्रश्न आज रात्री मोबाइल बाजूला ठेवून स्वतःला विचारा.

उत्तर ‘नाही’ आलं तर फी भरू नका. ज्युडो शिकवताना अशी बरीच माणसं माझ्याकडे आली आहेत. अंगात धग घेऊन येतात. दुसऱ्याच दिवशी विचारतात, ‘मॅडम, एका फटक्यात समोरचा आडवा होईल असं काही शिकवा ना.’ त्यांना मॅटवर पडायला सांगितलं, मग पुन्हा पडायला सांगितलं, की महिना भरायच्या आत त्यांचं येणं बंद होतं. रागामुळे माणूस पहिल्या दिवशी वेळेच्या आधी येऊन बसतो. पण पाय भरून आलेले असताना, धो धो पावसात, तुमच्या ऑडिटच्या दिवसांत तो राग कामाला येत नाही.

माझा अंदाज मात्र असा आहे की तुमचं उत्तर ‘हो’ येईल. चार महिने रोज रात्री व्हिडिओ बघणारा माणूस केवळ त्या पोरासाठी बघत नाही. त्याला ती हालचाल आवडायला लागलेली असते, आपल्या अंगातही ती यावी असं वाटत असतं. ही इच्छा फार चांगली आहे, तिला त्या थपडेशी बांधून ठेवू नका. म्हणून दोन कामं वेगळी करू या. थपडेचं काम वेगळं, क्लासचं वेगळं.

आधी थप्पड.

तुमचा हात उचलला गेला नाही, यात भ्याडपणा नाही. कोणी अचानक अंगावर आलं की शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं, आणि यातलं काय होणार हे ठरवायला तेवढा वेळच मिळत नाही. रोज सराव करणारी माणसंसुद्धा थिजतात. आणि समजा तुम्ही मारलं असतं, तर पुढे काय? सिमेंटच्या रस्त्यावर, दोन गाड्यांच्या मधे, राग चढलेली दोन माणसं. अशा झटापटीत माणूस ठोशानं जितका जायबंदी होतो त्याहून वाईट तो पडून डोकं आपटल्यानं होतो. त्या दिवशी तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघंही धड घरात आलात, हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

थपडेला कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) प्रमाणे मुद्दाम दुखापत करणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय पुढचा तपास करणार नाहीत. पण कागदावर नोंद राहते, आणि पुन्हा काही झालं तर ती नोंद बोलते. अशा गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला घटनेपासून एक वर्षाची मुदत असते, त्यामुळे चार महिने गेले म्हणून वेळ गेलेली नाही. एनसी करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. निदान घरमालकाच्या कानावर तरी घाला, लोक मधे पडले होते म्हणजे साक्षीदारही आहेत. तो माणूस पुन्हा अंगावर आला तर ११२ लावा.

याच कायद्याची दुसरी बाजूही ऐकून ठेवा, कारण तुम्ही शिकायला निघाला आहात. स्वसंरक्षणाचा हक्क संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, आणि तो बचावाला लागेल तेवढ्याच बळापुरता आहे. धोका टळल्यावर, सहा महिन्यांनी शिकून तयार होऊन जाऊन मारणं, हा बचाव होत नाही. तेव्हा आरोपी तुम्ही असाल.

मुलाशी बोला. हे एवढं एक काम क्लास लावायच्या आधीच करा. चौदा वर्षांचा पोरगा गप्प आहे याचा अर्थ तो तुम्हाला कमी लेखतो असा नाही. बहुतेक त्याला कळत नाहीये की बाबांना काय म्हणावं. तुम्हीच सुरुवात करा : ‘त्या दिवशी मला काही सुचलं नाही रे. मला वाईट वाटलं, तुलाही वाटलं असेल.’ बस. पुढचं तो बोलेल, किंवा दोन दिवसांनी बोलेल. बदल्याचं नाव त्या बोलण्यात आणू नका. पोरं अशा वेळी बापाच्या शब्दांपेक्षा त्याच्या आवाजाकडे जास्त लक्ष देतात.

आता क्लास.

तुमच्यासाठी माझा कौल ज्युडोला आहे. मी स्वतः ज्युडोवाली आहे, तेव्हा माझं झुकतं माप धरून चाला. पण कारण तुमच्याच पत्रात आहे. त्यानं तुमची कॉलर धरली, आणि तिथेच तुमचं सगळं थांबलं. ज्युडोत प्रत्येक जोडी सुरुवातच एकमेकांची कॉलर धरून करते. उजवा हात समोरच्याच्या जॅकेटच्या काठाला, छातीपाशी. डावा त्याच्या बाहीला, कोपराजवळ. मग त्याच पकडीत पुढे-मागे चालायचं, वळायचं, तोल शोधायचा. पहिले काही दिवस तुमचे खांदे कानापर्यंत चढतील, श्वास अडकेल, हात काठीसारखे ताठ होतील. सगळ्या नव्या माणसांचे होतात. मग समोरचा त्या ताठ हातालाच धरून तुम्हाला सहज फिरवतो, कारण ताठ हातातून अख्खं अंग ओढता येतं, सैल हातातून येत नाही. हे दोन-तीनदा झालं की शरीर आपणहून हात सैल सोडायला शिकतं. कोणीतरी कॉलर धरली आहे आणि तरी मी श्वास घेतोय, पाय हलवतोय, बोलतोय, हे तुमच्या अंगाला शेकडो वेळा अनुभवायला मिळेल, आणि धरणारा हात मित्राचा असेल. चार महिन्यांपूर्वीच्या त्या क्षणावर याहून चांगलं औषध मला माहीत नाही.

ज्युडोत हार मान्य करायचीही रीत आहे. दाब सहन होईनासा झाला की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा हात थापटायचा. त्यानं त्याच क्षणी सोडलंच पाहिजे. इथे कोणी तुम्हाला ‘हरला’ म्हणत नाही. हात थापटून लगेच पुढच्या जोडीला उभे राहतात.

ज्युडो उभा केला तो जिगोरो कानो या जपानी माणसानं, १८८२ साली, तोक्योतल्या एइशोजी नावाच्या मंदिरात बारा तातामी (गवती चटया) मावतील एवढ्या जागेत. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. अंगानं लहानखुरा, आणि शाळेच्या वसतिगृहात दांडग्या पोरांचा मार खाल्लेला. त्यासाठीच तो जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकायला गेला होता. म्हणजे तो तुमच्याच कारणानं निघाला. पण पुढे त्यानं आयुष्यभर शिक्षक म्हणून काम केलं, आणि ज्युडोही शाळेत शिकवता येईल, कोणी जायबंदी होणार नाही, अशा बेतानं घडवला. धोकादायक डाव बाजूला काढले आणि पडायचं शास्त्र पक्कं केलं.

त्या पडण्यावर थोडं थांबते, कारण बायकोच्या ‘हातपाय मोडून घ्याल’ला खरं उत्तर तिथे आहे. पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोणी उचलून आपटणार नाही. उकिडवं बसायचं. हनुवटी छातीला टेकवायची, नजर आपल्या बेल्टच्या गाठीवर. हात छातीसमोर फुलीसारखे. मग पाठीचा गोल करून मागे लोळायचं, आणि पाठ टेकते त्याच वेळी दोन्ही हात, तळवे खाली करून, अंगापासून थोडे बाजूला मॅटवर आपटायचे. श्वास सोडायचा. डोकं मॅटला लागताच कामा नये. हनुवटी छातीला लागलेली असेल तर लागत नाही. घाबरलेला माणूस पडताना मागे हात टेकवून स्वतःला सावरायला बघतो, आणि मनगट किंवा कोपर तिथे मोडतं. ती सवय मोडायला काही आठवडे लागतात. मग उभ्यानं, मग बाजूला, मग पुढे कोलांटीतून. सिमेंटवर हात एवढ्या जोरात आपटायचा नसतो, पण हनुवटी आत घेणं आणि अंग गोल करणं बाथरूमच्या ओल्या फरशीवरही कामाला येतं. सेहेचाळिसाव्या वर्षी यापेक्षा उपयोगी काय शिकणार? उकिडवं बसताना गुडघा दुखला तर सांगा. हेच पाठीवर झोपून, नुसती मान उचलून आणि हात आपटून सुरू करता येतं.

ज्युडोत इजा होत नाहीत असं नाही. बोटं मुरगळतात, खांदा दुखावतो, आणि उभ्या झटापटीत गुडघा पिळला गेला तर अस्थिबंध (लिगामेंट) फाटू शकतो. म्हणून तुम्ही पहिले तीन महिने उभ्यानं कुस्तीसारखी मोकळी झुंज घेऊ नका. पडणं, पकड, पावलं आणि जमिनीवरचं काम एवढंच करा. शिक्षक याला ‘हो’ म्हणाले तर शिक्षक चांगले.

नंदनवनच्या जवळपास ज्युडो मिळाला नाही तर कराटे. कराटेचे क्लास नागपुरात बहुतेक प्रत्येक वस्तीत आहेत, आणि जवळ असणं हा फार मोठा गुण आहे. कराटेत सुरुवातीला एकट्यानंच हालचाल करायची असते, त्यामुळे मार लागायची भीती कमी. अडचण गुडघ्याची. झेनकुत्सु दाची या उभं राहायच्या पवित्र्यात पुढचा गुडघा वाकवून वजन त्यावर जातं, किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, दोन्ही मांड्या पेटतात. तुम्ही उंच उभे राहा, पोरांएवढे खाली जाऊ नका. मावाशी गेरी, म्हणजे बाजूनं फिरवून मारायची लाथ, मारताना टेकलेल्या पायाची टाच उचलून चवड्यावर वळायचं असतं. टाच जमिनीला चिकटून राहिली आणि वरचं अंग फिरलं की सगळा पीळ गुडघ्यात जातो. हे तुमच्या डाव्या गुडघ्याला चालणार नाही, तेव्हा उजव्या पायानं मारताना जास्त जपा. शोतोकान या कराटेच्या शैलीतली पहिली हेइआन काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) डावीकडे वळून खालचा वार अडवण्यानं सुरू होते. तीच काता महिनोन्‌महिने करावी लागते. कंटाळा येईल. तो कंटाळा ज्याला सोसतो त्याला कराटे येतं.

बॉक्सिंगबद्दल मोह होणं साहजिक आहे. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ साली पोलंडमधल्या किएल्चे इथं युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरच्या गटात सुवर्णपदक घेतलं, तेव्हा मला किती आनंद झाला होता ते सांगता येत नाही. पण बीपीची गोळी चालू असताना सेहेचाळिसाव्या वर्षी डोक्यावर ठोसे घ्यायची काही गरज नाही. पॅडवर मारा, बॅगवर मारा, सावलीशी खेळा, झुंज नको. ८४ किलो वजनानं दोरीच्या उड्याही सध्या नकोत, गुडघा बोलेल.

तायक्वांदोत उड्या आणि उंच किक, त्यामुळे तो तुमच्यासाठी नाही. क्राव मागाचं मूळ इस्रायली लष्कराच्या प्रशिक्षणात आहे आणि नेटानं, वर्षभर शिकवणारा शिक्षक मिळाला तर ते चांगलंच आहे. दोन दिवसांच्या शिबिरातून मात्र फक्त आत्मविश्वास घेऊन माणूस बाहेर पडतो, कौशल्य नाही, आणि असा आत्मविश्वास गल्लीत घातक ठरतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनी यातल्या सगळ्यालाच नकार दिला तर लाठी-काठी शिका. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे, तेव्हा विदर्भाला ही विद्या नवी नाही. उभ्यानं, बेताच्या पावलांनी, खांदे आणि मनगटं मोकळी करणारा इतका सुंदर व्यायाम दुसरा नाही, आणि त्यात कोणी अंगाला हातही लावत नाही.

डॉक्टरांकडे दोन गोष्टींसाठी जा. गुडघा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जिना उतरताना दुखतं म्हटल्यावर ते बहुधा मांडीचे व्यायाम देतील. ते क्लास सुरू व्हायच्या आधी दीड-दोन महिने इमानानं करा. आणि नेहमीच्या डॉक्टरांना बीपीबद्दल विचारा, ईसीजी काढायचा का तेही. तुमची गोळी कोणत्या प्रकारची आहे हे कळलं पाहिजे. काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, मग घड्याळावरचा आकडा बघून ‘मी थकलो नाही’ असं वाटतं आणि माणूस जास्त ताणतो. काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. अशी गोळी घेऊन आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, पत्र्याच्या हॉलमधे, पंख्याखाली तासभर घाम गाळला तर चक्कर येणारच. म्हणून जमल्यास दिवाळीनंतर, थंडीत सुरुवात करा. म्हणजे ऊन तापेपर्यंत अंग रुळलेलं असेल, आणि नवतपात चार दिवस सुट्टी घेतली तरी चालेल. तोपर्यंत रोज अर्धा तास भरभर चाला. जोर लावताना श्वास कोंडू नका, बीपी त्यानं चढतं. कराटेत वार करताना ओरडतात, ज्युडोत पडताना श्वास सोडतात, ते नुसतं दाखवायला नसतं.

क्लास निवडताना आधी अंतर बघा. मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल मोठं आहे, पण नंदनवनहून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पडतं. ऑफिसनंतर तिथवर जाणं तुमच्याच्यानं पंधरा दिवस होईल. सक्करदरा, रेशीमबाग, क्रीडा चौक, या पट्ट्यात शोधा. मग पैसे न देता एक अख्खा क्लास बसून बघा. जो शिक्षक बघू देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. मॅट एकमेकांना घट्ट लागलेल्या आहेत का, की मधे फटी आहेत? फटीत पायाचं बोट अडकतं. पाणी प्यायला सोडतात का? अंग तापवायला दहा-पंधरा मिनिटं देतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखाद्या पोराला लागलं, ते रडायला लागलं, तर शिक्षक काय करतात? ओरडतात, दुर्लक्ष करतात, की जवळ जाऊन बघतात? मी तरी याच एका गोष्टीवरून ठरवेन. फ्लेक्सवरचे फोटो आणि कपाटातल्या ट्रॉफ्या बघून काही कळत नाही. फीबरोबर बेल्टच्या परीक्षेची फी, ड्रेस, प्रमाणपत्र यांचं वेगळं किती होतं ते आधीच विचारा, नाहीतर दर तीन महिन्यांनी नवा खर्च निघतो. ‘एका वर्षात ब्लॅक बेल्ट’ म्हणणाऱ्याकडून उठून या. नेमानं केलं तरी त्याला तीन-चार वर्षं सहज लागतात.

राहिली लाज.

पहिल्या दिवशी तुम्हाला बेल्ट बांधता येणार नाही. मधोमध पोटावर धरून दोन्ही टोकं मागे फिरवून पुढे आणायची, दोन्ही सारखी ठेवायची, एक टोक सगळ्या थरांखालून काढायचं आणि मग गाठ. ती गाठ आडवी बसली पाहिजे, आणि तुमची उभी बसेल. तेव्हा नऊ-दहा वर्षांचं एखादं हिरव्या बेल्टचं पोट्टं येऊन म्हणेल, ‘काका, असं नाही, थांबा.’ आणि तुमच्या पोटाशी वाकून ते बांधून देईल. मी हे कितीदा पाहिलं आहे. त्या पोराच्या चेहऱ्यावर हसू नसतं. एका मोठ्या माणसाला आपण काही शिकवतोय याचा केवढा तरी मान त्याला वाटत असतो. पोरं मोठ्यांना हसतात ते मोठे आव आणतात तेव्हा. डावा-उजवा चुकला म्हणून हसत नाहीत, कारण मागच्या वर्षी त्यांचाही चुकलेला असतो. तरीही संकोच वाटला तर मोठ्यांची वेगळी बॅच आहे का विचारा. पुष्कळ ठिकाणी सकाळची असते.

गिचिन फुनाकोशी, ज्यांनी ओकिनावातलं कराटे जपानभर पोचवलं, ते १९२२ मधे तोक्योला आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले शाळामास्तर होते. राहायला विद्यार्थ्यांचं वसतिगृह, आणि पोटासाठी तिथेच झाडलोट आणि पहारा. संध्याकाळी त्याच आवारात शिकवणं. आज जगभर पांढरे कपडे घालून रांगेत उभी राहणारी कितीतरी पोरं त्या झाडलोट करणाऱ्या मास्तरांच्या शिकवण्यातून आलेली आहेत.

वर्षभरानं तुम्ही त्या पंचविशीतल्या पोराला हरवू शकाल का? प्रामाणिक उत्तर : बहुधा नाही, आणि मी तुम्हाला तसं आश्वासन देणार नाही. वय, वेग, दांडगाई, तिन्ही त्याच्या बाजूला आहेत. पण तो तुमच्या कॉलरपर्यंत पोचेल का, हा वेगळा प्रश्न आहे. त्या दिवशी त्याला हातभर अंतरात येऊ दिलं गेलं, कारण अंतराकडे तुमचं लक्ष नव्हतं. कोणत्याही कलेत पहिल्या सहा महिन्यांत अंतर डोळ्यांत बसतं. माणूस जवळ येऊ लागला की पाऊल आपोआप मागे जातं, हात उघडे छातीसमोर येतात, आणि आवाज मोठा निघतो : ‘लांबून बोल.’ या तिन्ही गोष्टी एकदम करायचा सराव शिक्षकांकडून मुद्दाम मागून घ्या. आपल्याकडे क्लासमधे आवाजाचा सराव कमी करून घेतात, याची मला नेहमी खंत वाटते. गल्लीतली बरीच भांडणं तिथेच मिटतात, कारण उघडे तळवे दाखवत मागे सरणाऱ्या माणसाला चार लोक बघत असताना मारणं अवघड होतं.

मुलाला बरोबर नेऊ का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. विचारा, ओढू नका. तो ‘नाही’ म्हणाला तर एकटेच जा.

आणि बायकोला पहिल्या दिवशी क्लास बघायला घेऊन जा. त्यांची काळजी रास्त आहे, आणि शिक्षकांना त्या जे प्रश्न विचारतील ते तुम्हाला सुचणार नाहीत.

ड्रेस पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. कराटेला महिनाभर ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो. ज्युडोला जाड जॅकेट लागतंच, टी-शर्ट पकडीत फाटतो, पण बहुतेक क्लासमधे एखादं जुनं जॅकेट पडलेलं असतं, ते मागून घ्या. हातापायाची नखं कापून जा. घड्याळ, अंगठी, गळ्यातली चेन घरी ठेवा. निघायच्या तासभर आधी काही जड खाऊ नका. आणि चपला काढण्याच्या आधी शिक्षकांना बाजूला घेऊन सांगा : बीपी आहे, डावा गुडघा दुखतो, पहिले तीन महिने झुंज घेणार नाही.